काका, त्या यूएचएफ सेटसाठी मनापासून आभार

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून चहा मागवता आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहून काढतोय. आणि सगळ्यांना दिसेल असंच लिहितोय, कारण कोल्हापुरात माझ्यासारखी अजून पोरं असणार ज्यांना हा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा नाद आहे पण विचारायचं कुणाला ते माहीत नाही.

मला हे वेड लागलं २०१९ च्या पुरात. सुतारवाड्यात पाणी आलं, मग आमच्याकडं आलं, लाईट गेली, मोबाईल बंद पडले आणि बोटीतून आलेल्या जवानांच्या हातातले सेट तेवढे बोलत होते. ते डोक्यातून गेलंच नाही. पुढं तुमची ओळख झाली तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला, जुना वॉकीटॉकी कुठं मिळेल? तुम्ही सांगितलंत, आधी हॅमचं लायसन्स, मग सेट. लायसन्स हातात आल्याशिवाय घरात वायरलेस आणायचा नाही. तेव्हा लई राग आलेला, खरं सांगतो. पण रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या लायसन्सला मोर्स (टिंबं-रेघांची कट्टकड भाषा) लागत नाही हे तुमच्याकडूनच कळलं, उद्यमनगरातली शिफ्ट सुटली की तुमच्याकडं येऊन अभ्यास केला, परीक्षा दिली आणि व्हीयू थ्रीनं सुरू होणारा कॉलसाईन, म्हणजे वायरलेसवरचं माझं नाव, मिळाला. आता वाटतं बरं झालं थांबलो.

मग मी घाई केलीच. ऑनलाइन दोन वापरलेले मोटोरोला जीपी ३२८ वॉकीटॉकी साडेतीन हजारात घेतले, विकणारा म्हणाला दोन्ही व्हीएचएफ आहेत, म्हणजे मला हव्या त्या पट्ट्यातले, मी विश्वास ठेवला. स्पेस स्टेशन १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकायचं एवढंच डोक्यात होतं, अधूनमधून ते तिथून फोटो पाठवतात ते मोबाईलवर उतरवायचे होते. सेटमध्ये चॅनेल भरायची केबल स्वस्तातली आणली, लॅपटॉपला लावली तर कोड १० म्हणून एरर, रात्रभर ड्रायव्हर टाकत आणि काढत बसलो, काय उपयोग नाही. सकाळी दोन्ही सेट पिशवीत घालून साने गुरुजी वसाहतीत तुमच्या दारात.

तुम्ही काय केलंत ते अजून डोळ्यासमोर आहे. लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. बॅटरी काढलीत, भिंग घेतलंत आणि मागचं लेबल वाचायला लागलात. एझेडएच२५ च्या पुढचं सहावं अक्षर बघ म्हणालात. के असेल तर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ, म्हणजे व्हीएचएफ, आर असेल तर ४०३ ते ४७०, म्हणजे यूएचएफ. दोन्हीवर आर! माझं तोंड एवढंसं झालं. १४५.८०० त्यात बसणारच नव्हतं, कितीही प्रोग्रॅमिंग करा.

त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कपाटातून सिरियल पोर्टवाला एक्सपीचा जुना लॅपटॉप काढलात, तुमची जुनी केबल काढलीत, बॅटरी फुल आहे का बघितलीत आणि म्हणालात, "पहिल्यांदा रीड. राईटचं बटण आहे हे आत्ता विसरून जा." कोडप्लग, म्हणजे सेटमधली चॅनेलची फाईल, वाचला, त्याची कॉपी तारीख घालून सेव्ह केली, मगच पुढं. आत कुठल्यातरी कारखान्याच्या सिक्युरिटीवाल्यांची जुनी चॅनेल निघाली. मला ऐकायची उत्सुकता होती की, पण तुम्ही "ते दुसऱ्याचं बोलणं आहे, आपलं नव्हे" म्हणून नव्या फाईलमधनं ती सगळी काढून टाकलीत. हे मला तेव्हा पटलं आणि आजही पटतंय. मित्र पोलिसांचं चॅनेल टाकून दे म्हणतात तेव्हा मी हेच सांगतो.

आणि मग ती पाच चॅनेल. स्पेस स्टेशनचा रिपीटर, म्हणजे खालच्या हॅमचं बोलणं परत खाली पाठवणारा सेट, ४३७.८०० वर खाली बोलतो हे मला माहीतच नव्हतं. स्टेशन आपल्याकडं येत असताना त्याच्या वेगामुळं, म्हणजे डॉप्लरमुळं, फ्रिक्वेन्सी साधारण दहा किलोहर्ट्झ वर सरकते आणि लांब जाताना तेवढीच खाली, आणि आपला सेट काय स्वतःहून त्या फ्रिक्वेन्सीच्या मागं जाणारा नाही. म्हणून तुम्ही चॅनेल एकवर ४३७.८१० टाकलंत, दोनवर ४३७.८०५, तीनवर ४३७.८००, चारवर ४३७.७९५, पाचवर ४३७.७९०. सगळी फक्त रिसीव्ह, टोनची अट काही नाही आणि बाजूचं बटण स्क्वेल्च उघडायला, म्हणजे बारीक आवाजही दाबला न जाता ऐकू यावा. नॉब एकेक घर फिरवत जायचं, बास. सोळा चॅनेलच्या साध्या सेटचा असा वापर माझ्या डोक्यात कधीच आला नसता.

संध्याकाळी तुमच्या गच्चीवर काकू पण आल्या होत्या. एक नंबरवर नुसती खरखर, मग हळूहळू खरखर मागं हटली आणि त्यातनं माणसाचा आवाज आला, मी घाईत दोन वर गेलो तर तुम्ही माझा हात धरून अँटेना तिरकी केलीत आणि आवाज लख्ख झाला. बंगळूरचा एक जण होता आणि त्याला उत्तर देणारा श्रीलंकेचा, फोर एस सेव्हन कॉलसाईनचा, स्पष्ट ऐकला. चारशे किलोमीटर वरनं, कारखान्यातनं निवृत्त झालेल्या सेटवर! जेमतेम दहा मिनिटं, पाच नंबरवर परत खरखर आणि संपलं. मला त्या रात्री झोप आली नाही काका.

माझ्या सुट्टीचा पूर्ण दिवस तुम्ही त्या दोन सेटवर घातलात, पैसे घेतले नाहीत आणि मी न बघता घेतले म्हणून एकदाही बोलला नाहीत. त्याबद्दल खूप खूप आभार.

तुमची केबल अजून माझ्याकडंच आहे, रविवारी आणून देतो. आणि हो, १४५.८०० साठी अजून एक सेट बघितलाय. यावेळी पैसे द्यायच्या आधी लेबलचा फोटो मागवला, झूम करून तीनदा वाचला. सहावं अक्षर के आहे.

तुमचाच,
शुक्रवार पेठेतला विद्यार्थी