सव्वाशे वर्षांत आठ कोच: उच्चशिक्षण मंत्र्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र बास्केटबॉलबद्दल आहे आणि तेही अमेरिकेतल्या एका कॉलेज टीमबद्दल, त्यामुळे तुमच्या ऑफिसातलं कोणीतरी हे क्रीडा खात्याकडे ढकलणार याची मला पुरेपूर कल्पना आहे, पण प्लीज ढकलू नका, कारण मागणी तुमच्याच खात्याची आहे. सीनियर कॉलेजांमधली शारीरिक शिक्षण संचालकांची, म्हणजे स्पोर्ट्सच्या सरांची, जी पदं रिकामी पडलीयेत ती कायमस्वरूपी भरा. बाकी काही मागत नाही. आता एवढ्यासाठी अमेरिका कशाला मध्ये आणली, तर सांगतो.

मी एमएस करायला लॉरेन्सला होतो, कॅन्सस राज्यात. गाव जेमतेम लाखभर वस्तीचं, आजूबाजूला शेती, आणि मधोमध युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस. तिथलं बास्केटबॉलचं स्टेडियम म्हणजे ॲलन फील्डहाऊस, 1955 साली बांधलेलं, पंधरा-सोळा हजार लोक बसतात, आणि मॅच असली की ते भरतंच, गाव लाखाचं असून. स्टुडंट लोक सीटसाठी ग्रुप करून आधी कितीतरी दिवस नंबर लावतात, हजेरी घेतली जाते, ग्रुपमधलं कोणी नसलं की नाव कट. मॅचच्या आधी समोरच्या टीमची नावं पुकारायला लागले की सगळी पोरं एकदम पेपर उघडून वाचत बसतात, म्हणजे तुम्ही कोण आलात आम्हाला काय फरक पडतो असं, आणि मग स्वतःच्या टीमचं नाव आलं की त्याच पेपरचे तुकडे करून हवेत उधळतात. मी ढोलताशा पथकात वाजवलेलं आहे, गोंगाटाचं मला कौतुक नाही, तरी तिथे कानाला दडे बसले होते.

पण तुम्हाला सांगायची गोष्ट ही नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

बास्केटबॉल ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ, मूळचा कॅनडाचा. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या (तरुणांसाठी काम करणारी ख्रिश्चन संस्था) ट्रेनिंग स्कूलमध्ये थंडीत पोरांना खेळवायचं काय म्हणून त्याने पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि 13 नियम टाईप करून भिंतीवर लावले, ही गोष्ट सगळ्यांना माहितीये. पुढचं फार कोणी सांगत नाही. 1898 मध्ये हा माणूस कॅन्ससला आला तो कोच म्हणून नाहीच. आला शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक म्हणून, आणि सोबत कॉलेजच्या प्रार्थनासभेची जबाबदारी. मेडिकलची डिग्री पण होती त्याच्याकडे. टीम वगैरे त्याने आल्यावर उभी केली, आणि 1899 च्या फेब्रुवारीत पहिली मॅच कॅन्सस सिटी वायएमसीएकडून 16-5 अशी हरले. 1907 पर्यंत त्याने टीम सांभाळली, 55 जिंकल्या, 60 हरल्या. त्या युनिव्हर्सिटीच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त मॅच हरलेला कोच एकच, आणि तो कोण, तर ज्याने खेळच शोधला तो!

आता हे आपल्याकडे झालं असतं तर? 60 मॅच हरलेल्या सरांची ऑर्डर पुढच्या वर्षी निघाली असती का? त्यांना कोणी हात लावला नाही कारण ते पर्मनंट होते, प्राध्यापक होते, टीम सोडल्यावर सुद्धा 1937 पर्यंत तिथेच शिकवत राहिले आणि 1939 ला त्याच गावात वारले. आधी पद आलं, आधी माणूस स्थिर झाला, कप फार नंतर आले. आपण नेमकं उलटं करतो, आधी मेडल आणा मग पदाचं बघू.

त्या स्थिर माणसाने काय केलं ते बघा. त्याच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन पुढे तिथेच कोच झाला, मधली काही वर्षं सोडली तर 1956 पर्यंत तोच, आणि कॅन्ससला 590 मॅच जिंकून दिल्या. ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल घ्या म्हणून मागे लागणाऱ्यांत तो पुढे होता, आणि 1936 ला बर्लिनमध्ये खेळ पहिल्यांदा आला तेव्हा म्हाताऱ्या नेस्मिथला तिथे पाठवायला कोच लोकांनी देशभरातून पैसे गोळा केले. ॲलनकडे खेळलेला ॲडॉल्फ रप केंटकीला गेला आणि 876 मॅच जिंकला. ॲलनच्याच 1952 च्या चॅम्पियन टीममध्ये बेंचवर बसणारा डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला जाऊन 879 जिंकला. त्या स्मिथचा असिस्टंट रॉय विल्यम्स, तो 1988 ला कॅन्ससलाच कोच म्हणून आला. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात ना, अगदी तसंच, फक्त तानपुऱ्याऐवजी बॉल. 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकचं गोल्ड जिंकलेल्या अमेरिकेच्या टीममध्ये 7 पोरं या एका कॉलेजची होती, एका!

नेस्मिथपासून आजचे बिल सेल्फ यांच्यापर्यंत, सव्वाशे वर्षांत, तिथे हेड कोच झाले फक्त आठ. माझ्या कॉलेजात मी शिकत होतो तेवढ्या काळात स्पोर्ट्सचे सर किती बदलले ते मी मोजणं सोडून दिलं होतं.

सगळं गोड होतं असं मात्र अजिबात नाही. जॉन मॅक्लेंडन नावाचा ब्लॅक मुलगा 1933 ला तिथे शिकायला आला, शारीरिक शिक्षणाची डिग्री 1936 ला घेतली, पण टीममध्ये खेळता आलं नाही, कारण कातडीचा रंग. नेस्मिथनेच त्याला जवळ घेऊन खेळातलं शास्त्र शिकवलं. हाच मॅक्लेंडन पुढे टेनेसी स्टेटचा कोच होऊन 1957, 58, 59 अशी सलग तीन वर्षं नॅशनल चॅम्पियन झाला आणि हॉल ऑफ फेममध्ये दोनदा गेला. त्याच्या स्वतःच्या कॉलेजने ज्याला कोर्टवर उतरू दिलं नाही तो माणूस! मला विचाराल तर त्या कॉलेजची खरी कमाई म्हणजे हा मॅक्लेंडन, आणि तो मैदानावर नाही, एका सरांच्या वर्गात तयार झाला.

आणि नियम तिकडेही आडवे येतात बरं का. विल्ट चेंबरलेन, सात फुटी, अख्ख्या देशातली कॉलेजं ज्याच्या मागे होती, त्याला ॲलनने कॅन्ससला आणला, पण पहिल्या वर्षाच्या पोरांना मेन टीममध्ये खेळायची परवानगी नव्हती, आणि विल्ट खेळायच्या आतच ॲलन सत्तरीचे झाले म्हणून युनिव्हर्सिटीने त्यांना रिटायर केलं. 1957 ची फायनल मग दुसऱ्या कोचबरोबर, तीन ओव्हरटाइम होऊन, नॉर्थ कॅरोलायनाकडून 54-53 अशी एका पॉइंटने गेली. विल्टच्या ते इतकं मनाला लागलं होतं की तो कितीतरी वर्षं लॉरेन्सकडे फिरकलाच नाही, 1998 मध्ये त्याची जर्सी वर टांगली तेव्हा कॉलेजचं जुनं जॅकेट घालून आला आणि अख्खं स्टेडियम रडलं म्हणतात.

त्यांचा पैशाचा खेळ मात्र आपल्याला नको, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणीतरी अभ्यासदौरा काढेल. 2022 ला ते चॅम्पियन झाले, हाफटाइमला 15 पॉइंटने मागे पडून 72-69 ने, भन्नाट मॅच, पण 2023 मध्ये एका अपात्र खेळाडूला खेळवल्याच्या प्रकरणात 2018 च्या फायनल फोरसकट (म्हणजे देशातल्या शेवटच्या चार टीममध्ये पोचल्याच्या मानासकट) 15 विजय रेकॉर्डमधून काढून टाकले गेले आणि स्टेडियममधला त्याचा बॅनर उतरवावा लागला. करोडो डॉलरची उलाढाल आली की हे येतंच. मी मागतोय ते 1898 चं कॅन्सस, आत्ताचं नाही.

तसं बघितलं तर आपल्याकडे पण सुरुवात तशीच झाली होती. हॅरी बक नावाचा स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेला माणूस 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढून बसला, म्हणजे खेळाआधी खेळाचे शिक्षक तयार करायला. मुंबईत नागपाड्याच्या गल्लीतून अब्बास मुंतसीर देशाचे कॅप्टन झाले, पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली. पोरं आहेत साहेब. पोरं कधीच कमी नव्हती.

नाहीत ते सर. आमच्या कॉलेजचं सांगतो, नाव घेत नाही. जुने सर रिटायर झाले आणि पद तसंच राहिलं. मग तासिका तत्त्वावर कोणीतरी यायचे, ऑर्डर दिवाळीनंतर हातात, आणि झोनलच्या मॅच दिवाळीच्या आधीच आटोपलेल्या. मॅनेजर म्हणून केमिस्ट्रीचे सर यायचे, बिचारे स्कोअरशीटवर सही कुठे करायची ते आम्हालाच विचारायचे. कोर्ट सिमेंटचं होतं, चांगलं होतं, पण गॅदरिंगचा मंडप घालायचा म्हणून फ्री थ्रो लाइनवरच पहारीने भोकं पाडली, ती कोणी बुजवली नाहीत, ड्रिबल करताना बॉल त्यात गेला की भलतीकडेच उडायचा. आम्ही ते भोक पाठ करून ठेवलं होतं, बाहेरच्या टीमला माहिती नसायचं, तेवढाच काय तो होम ॲडव्हांटेज. पर्मनंट सर असते तर मंडपवाल्याची ती पहार कोर्टला लागली नसती, ते आडवे पडले असते.

कोणी म्हणेल पाच टक्के खेळाडू आरक्षण दिलंय, अजून काय पाहिजे. ते नोकरीच्या वेळेला हो, पण पोराने खेळाडू व्हायचं कोणाच्या हाताखाली?

तेव्हा पदभरतीची फाईल पुढे सरकली की त्यात हे पद विसरू नका, एवढं बघा. तासिका तत्त्वावरच घ्यायचं असेल तर निदान ऑर्डर जूनमध्ये काढा आणि तोच माणूस पुढच्या वर्षी परत राहू द्या, 60 मॅच हरला तरी.

आपला,
एक माजी पॉइंट गार्ड (कॉलेज टीमचा राखीव खेळाडू)