मंत्रीमहोदय, माझी पोरगी वांड नाहीये, तिची आई गेलीय

माननीय आरोग्यमंत्री आणि माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

दोघांना एकच पत्र लिहितोय कारण शाळेत गेलं की म्हणतात हे दवाखान्याचं काम, आणि दवाखान्यात गेलं की म्हणतात आधी शाळेत बोलून घ्या. मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत शिफ्टला जातो. माझी बायको मागच्या वर्षी हायवेवर गेली, तिच्या स्कूटीला मागून ट्रकने उडवलं. मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत. परवा शाळेतून फोन आला, लगेच या. हिने डबा फेकून मारला, एका मुलीला बोचकारलं, बाकीचे पालक तक्रार करतायत, तुम्ही सोमवारपर्यंत दाखला काढून घ्या, असं सरळ तोंडावर सांगितलं. डबा का फेकला हे कोणी तिला विचारलंच नव्हतं. रात्री घरी तिनेच सांगितलं. शेजारची मुलगी म्हणाली होती, तुझ्या डब्यात रोज ब्रेडच का, तुझी आई पोळ्या करत नाही का.

साहेब, शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम 17 प्रमाणे मानसिक छळ करता येत नाही. हे मला, आयटीआय झालेल्या माणसाला, मोबाईलवर शोधून कळतं, मग शाळेला का कळत नाही?

सरकारी दवाखान्यात केस पेपर काढला, लाईनीत उभा राहिलो, तर लहान मुलांशी बोलणारं तिथे कोणी नाही, मोठ्यांचे डॉक्टर आहेत, गोळी लिहून देऊ का म्हणाले. मग गंगापूर रोडला लहान मुलांशी बोलणाऱ्या एका प्रायव्हेट मॅडमकडे गेलो. एका वेळची फी म्हणजे माझा दीड दिवसाचा पगार. पण त्या मॅडमनी जे सांगितलं ते कुठल्याच सरकारी टेबलावर कोणी सांगितलं नव्हतं. या वयात दुःख बऱ्याचदा रडून बाहेर पडत नाही, रागाने पडतं. पोर दहा मिनिटं हसत खेळेल आणि मग पेन्सिल सापडली नाही म्हणून घर डोक्यावर घेईल. अंथरूण ओलं करायला लागेल, ट्रकचा हॉर्न वाजला की कान दाबेल. मी नाईटला निघालो की पायाला मिठी मारायची तो हट्ट नव्हता, एक गेली तसा दुसराही जाईल ही भीती होती.

नातेवाईकांनी तिला सांगितलं होतं की आई झोपलीय, देवबाप्पाकडे गेलीय. तेव्हापासून पोरगी झोपायलाच घाबरायची. दहाव्याला रामकुंडावर नको म्हणून तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं, सगळे कुठे गेले होते हे ती अजून विचारते. मॅडम म्हणाल्या साध्या शब्दात खरं सांगा, आईचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही, आणि यात तुझी काहीच चूक नाही. हे शेवटचं पुन्हा पुन्हा सांगायचं, कारण लहान मुलांना वाटतं आपण त्रास दिला म्हणून आई गेली. भडका उडाला की त्या वेळी समजवायला जायचं नाही, तेव्हा डोक्यात काही शिरत नाही. तिला आणि दुसऱ्याला लागणार नाही एवढं बघायचं, जवळ बसायचं, आवाज खाली ठेवायचा, शांत झाली की विचारायचं राग आला होता ना, आईची आठवण आली का. जेवणाची, झोपण्याची वेळ रोज तीच. शाळेत एक ठरलेल्या बाई, राग आला की उठून त्यांच्याकडे जायची परवानगी, बस. याला किती खर्च येतो? आणि घरी याने फरक पडतोय, मी बघतोय.

पण माझी फी भरायची ताकद संपली, नाईट सोडल्या म्हणून पगार कमी झाला, सुपरवायझर रोज टोमणे मारतो, सासर-माहेर दोन्हीकडचे म्हणतात दुसरं लग्न कर म्हणजे पोरीचं होईल. मी स्वतः अजून नीट रडलेलो नाहीये. ते जाऊ द्या.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा, त्याचं कलम 18, प्रत्येकाला सरकारी खर्चाने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क, त्यात लहान मुलांच्या सेवा वेगळ्या लिहिल्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासूनचा. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, 100 किंवा जास्त मुलं असतील तिथे एक तरी शिकलेला समुपदेशक पाहिजे. आमच्या शाळेत एका वर्गात साठ मुलं आहेत. कुठाय समुपदेशक? राज्याची मोठी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. नाशिकला काय, तर आरोग्य विज्ञान विद्यापीठ, 1998 चं, म्हसरूळला, अख्ख्या महाराष्ट्राचे डॉक्टर ज्याच्या डिग्रीवर बाहेर पडतात त्या गावात एका पोरीशी बोलायला माणूस नाही. 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला मी रात्री फोन केलाय, समोरच्या ताईंनी नीट ऐकून घेतलं, त्यांना दोष नाही. पण सात वर्षांचं पोर फोनवर बोलत नाही हो, त्याला समोर बसून चित्रं काढू देणारं, दर आठवड्याला तेच माणूस लागतं.

देशात 2022 साली रस्त्यावर 1 लाख 68 हजार माणसं मेली, महाराष्ट्रात 15 हजारांच्या वर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या मिरची चौकात बस जळून 12 जण गेले. मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकाचं काय करायचं यावर बैठका झाल्या. मेलेल्यांच्या मागे घरात लहान मुलं असतात, त्यांची यादी कुठल्या खात्याकडे आहे? पोलिसांकडे ट्रकचा नंबर आहे, विम्यावाल्यांकडे माझ्या बायकोचं वय आणि पगार आहे, माझ्या मुलीचं नाव फक्त वारसाच्या रकान्यात आहे. आणि सिंहस्थ 2027 साठी हजारो कोटींचे आराखडे, रोज पेपरात फोटो. घाट बांधा, रस्ते करा, माझा विरोध नाही, मीही इथलाच आहे. त्यातल्या एका कामाच्या पैशात जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याला लहान मुलांचा एक समुपदेशक कायमचा नेमता येईल, कंत्राटी नाही, वर्षाने बदलणारा नाही, कारण या मुलांना माणूस सोडून जाणं हेच आधी एकदा सोसावं लागलंय.

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. दाखला काढणार नाही. त्याआधी तुमच्या कार्यालयातून शिक्षणाधिकाऱ्यांना एक फोन जाऊ द्या आणि कलम 16 वाचून दाखवायला सांगा. आणि सिव्हिलला लहान मुलांसाठी आठवड्यातून निदान दोन दिवस बसणारं माणूस कधी नेमताय त्याची तारीख मला लेखी कळवा. पोचपावती नकोय, तारीख हवीय.

आपला,
एक बाप
सिडको, नाशिक