‘११० आहे. भिंतीत लावू नये.’

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर बुधवार पेठेत तुमच्या दुकानाबाहेर रांग लागेल आणि तुम्ही मलाच शिव्या घालाल.

परवाच्या कार्यक्रमात तुम्ही दुरुस्त केलेला माझा बेस गिटारचा अँप (अँप्लिफायर) साडेतीन तास चालला. मध्ये दोनदा मागे वाकून पाहिलं. चारही व्हॉल्व्हच्या, म्हणजे त्या काचेच्या नळ्यांच्या, पोटात मंद नारिंगी उजेड, आतल्या धातूच्या प्लेटा काळ्याच्या काळ्या. शेजारचा ढोलकीवाला म्हणाला, काय बघतोयस, देव बसवलाय का आत? त्याला काय सांगणार.

तुमच्याकडे येण्याआधी अँप दुरुस्तीसाठी दोन दारं फिरून आला होता. पहिल्यांनी तीन आठवडे ठेवून घेतला आणि ‘फ्यूज होता’ म्हणून परत दिला. फ्यूजच्या जागी आत तारेचा तुकडा होता, हे तुम्ही उघडल्यावर कळलं. घरी लावला, तर दहा मिनिटांत दोन व्हॉल्व्हच्या प्लेटा लोहाराच्या भट्टीतल्या कोयत्यासारख्या लाल. मग ‘फट्’ आणि धूर. दुसऱ्यांनी स्पीकर न जोडताच चालू करून बघितला! व्हॉल्व्हचा अँप असा चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, एवढं मलासुद्धा माहीत आहे. वर उपदेश, ‘हे डबडं भंगारात घाला, डिजिटल घ्या.’ तपासणीचे आठशे रुपये वेगळे. दोघांपैकी एकानेही आत मीटरची टोकं टेकवली नसावीत.

तुमच्याकडे आलो तो वैतागूनच. आल्या आल्या मी शहाणपणा सुरू केला: हा फेंडर बेसमन १००, सत्तरच्या दशकातला, यांचा पहिला बेसमन १९५२चा, बेस गिटारच्या पाठोपाठ आलेला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि चॅसी (आतला पत्र्याचा सांगाडा) उलटी करून चक्क वास घेतलात. आधी एका कोपऱ्याचा, मग दुसऱ्या. "ट्रान्सफॉर्मर वाचलाय. तो जळला की वार्निशचा वास येतो, हा रेझिस्टरचा आहे." तीन महिन्यांत पहिल्यांदा माझा श्वास खाली बसला.

पुढचं सगळं इथे सांगत बसत नाही, तुम्हाला ते माहीतच आहे. पण डावा हात खिशात घालून उजव्याने मोजणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी हसलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बंद केला तरी कॅपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसलेले असतात. दोन्ही हात आत घातले की रस्ता छातीतून जातो." नंतर माझाही हात आपोआप खिशात गेला.

दोष निघाला तो दिवाळीच्या लवंगी फटाक्याएवढ्या एका कॅपॅसिटरमध्ये. व्हॉल्व्हमधल्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, उणे पन्नासच्या आसपास व्होल्ट असावे लागतात (यालाच बायस म्हणतात), त्याच लगामावर व्हॉल्व्ह ताब्यात राहतो. तो कॅपॅसिटर मेला, लगाम सुटला, घोडे उधळले. किंमत वीस-पंचवीस रुपये. मागच्या बाजूचा तो बायसचा स्क्रू मी वर्षभर फिरवत होतो, त्यावर तुम्ही म्हणालात, "हा नुसता तराजूचा काटा मध्ये आणतो. पारड्यात किती घालायचं ते याच्या हातात नाही." मग तेही हातात येईल अशी जोडणी करून दिलीत. नवे चार व्हॉल्व्ह बसवल्यावर प्लेटवर ४६० व्होल्ट भरले. कागदावरच्या हिशेबाने दर व्हॉल्व्हमागे ४५ मिलीअँपिअर करंटपर्यंत जाता आलं असतं; तुम्ही ३८वर थांबलात. "ऑर्केस्ट्रात चार-चार तास चालणार, जरा थंडच बरा." आवाज मला तर पूर्वीपेक्षा गोल वाटतो. मनाचे खेळ असतील.

पण काका, पत्र यासाठी नाही.

हा अँप म्हापशाच्या एका तारवटी वादकाकडून घेतलेला. जहाजावर वाजवायचा तो, तिकडूनच आणलेला, म्हणून १२० व्होल्टचा. मधे व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. गणपतीतल्या एका कार्यक्रमात अँप थेट भिंतीतल्या २३० मध्ये लागला. मी सगळ्यांना सांगितलं, मंडपातल्या लाइटवाल्या पोराने लावला. दोन्ही दुकानांत तेच सांगितलं आणि दोन्हीकडे ‘ही पोरं अशीच’ म्हणून माना डोलल्या. तुम्हालाही तेच सांगायच्या तयारीने आलो होतो. तुम्ही विचारलंच नाहीत. काय झालं विचारलंत, कुणी केलं ते नाही.

निघताना तुम्ही ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचा तुकडा काढलात, त्यावर लाल पेनाने, पाटीवर गिरवल्यासारखं सावकाश लिहिलंत: ‘११० आहे. भिंतीत लावू नये.’ (अँपवर १२० छापलंय, पण आपल्याकडे अमेरिकन म्हटलं की ११०च.) भोक पाडून, सुतळी ओवून प्लगच्या गळ्यात बांधलात. गाठ दोनदा ओढून पाहिलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "घाईत कुणाच्याही हातून होतं."

कुणाच्याही. तुम्हाला कळलं होतं, हे मला बसमध्ये समजलं. स्टेप-डाऊन टेम्पोत राहिला होता, निवेदक नाव पुकारत होता आणि प्लग मीच लावला होता. ते पोर तेव्हा शिडीवर माळा बांधत होतं.

त्या रात्री त्याला फोन केला. दोन मिनिटं अडखळत बोललो. तो हसला, म्हणाला, "दादा, मी वरून बघत होतो की. ओरडलो पण, तुम्हाला ऐकू नाय गेलं." पुढच्या महिन्यात त्याच्याच मंडपात कार्यक्रम आहे, वायरिंग तोच करणार.

सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह परत मोजायला आणायला सांगितलंत. आणतो. त्या दिवशीचा चहा तुम्ही पाजला होतात, पुढचा माझ्याकडे. पुठ्ठ्याला वरून चिकटपट्टी लावून घेतली आहे, पावसाने अक्षर फुटायला नको म्हणून.

तुमचा,
बेसवाला