जॉन ग्लेनविषयी, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा बोलता बोलता तू म्हणालास, "ग्लेन म्हणजे पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला अमेरिकन, तोच ना?" तोच. पण ९५ वर्षं जगलेल्या माणसाची ओळख पाच तासांच्या एका उड्डाणावर आटोपलेली मला बघवत नाही. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

ओहायो राज्यातला हा माणूस. जन्म १९२१चा, वाढला न्यू काँकर्ड नावाच्या छोट्याशा गावात. वडील नळजोडणीची कामं करायचे. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा हा कॉलेजात होता. पदवी अर्धवट टाकली आणि वैमानिक व्हायला गेला. मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलात असताना दुसऱ्या महायुद्धात ५९ आणि कोरियात ९० मोहिमांवर त्याने उड्डाण केलं. कोरियात दोनदा तर अडीचशेहून जास्त भोकं पडलेलं विमान त्याने तळावर सुखरूप आणलं. पुढे चाचणी-वैमानिक झाला. जुलै १९५७मध्ये क्रुसेडर विमान कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला ३ तास २३ मिनिटांत नेलं, वाटेत तीनदा हवेतच इंधन भरून घेतलं. तुझं आयुष्य विमानांच्या इंजिनांत गेलं, तेव्हा हे किती कठीण ते तुला माझ्याहून जास्त कळेल.

आता २० फेब्रुवारी १९६२. यानाचं नाव फ्रेंडशिप ७. आत एकच माणूस कसाबसा मावेल एवढी जागा. उड्डाणाच्या मार्गाचं गणित संगणकाने केलं होतं, पण नासातली गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन हिने ते स्वतः पडताळून दिल्याशिवाय त्याला चैन नव्हतं. तिने आकडे बरोबर आहेत म्हटलं की आपण तयार, असं त्याचं म्हणणं होतं. पहिली प्रदक्षिणा संपता संपता यान आपोआप सरळ ठेवणारी यंत्रणा बिघडली, आणि पुढे बराच वेळ त्याने ते स्वतःच्या हाताने सांभाळलं. रात्रीच्या बाजूने जाताना ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराच्या लोकांनी त्याच्यासाठी दिवे लावून ठेवले होते. ते त्याला वरून दिसले आणि त्याने आठवणीने त्यांचे आभार मानले.

खरा जीव टांगणीला लागला तो परतताना. यानाच्या बुडाशी उष्णतारोधक ढाल असते आणि तिच्यामागे समुद्रात उतरताना धक्का झेलणारी पिशवी घडी करून ठेवलेली असते. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात संकेत आला की ढाल सैल झाली आहे. तसं खरंच असतं तर वातावरणात शिरताच सगळं जळून खाक झालं असतं. वेग कमी करणारी छोटी रॉकेटं ढालीवर पट्ट्यांनी बांधलेली होती. एरवी ती काम झाल्यावर टाकून देतात, या वेळी तशीच ठेवायला सांगितली, निदान पट्ट्यांनी तरी ढाल धरून राहील म्हणून. पण कारण मात्र त्याला लगेच सांगितलं नाही. पिशवीचं बटण नीट आहे ना, एवढंच विचारत राहिले. तो काय समजायचं ते समजला. मग खिडकीबाहेरून जळते तुकडे उडताना दिसायला लागले. ते रॉकेटांच्या पेटीचे की ढालीचे, हे कळायला मार्ग नव्हता. तो मात्र शांतपणे यान सांभाळत राहिला. शेवटी निघालं काय, तर संकेत देणारा खटकाच बिघडलेला होता, ढाल जागच्या जागी होती. वैमानिकाला सगळं खरं सांगितलंच पाहिजे, हे त्याने नंतर ठामपणे मांडलं. मला वाटतं, त्याचंच बरोबर होतं. ज्याचा जीव पणाला लागलाय, त्याच्यापासून काय लपवायचं?

राजकारणात त्याला यश चटकन आलं नाही. १९६४मध्ये न्हाणीघरात पडून डोक्याला मार लागला आणि सिनेटची निवडणूक सोडावी लागली. १९७०मध्ये पक्षांतर्गत लढतच हरला. १९७४मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या बोलण्याचा सूर असा होता की याने कधी नोकरीच केलेली नाही. ग्लेनने उत्तर दिलं की माजी सैनिकांच्या रुग्णालयात जा, हातपाय गमावलेल्या माणसांच्या डोळ्यांत बघा आणि तुम्ही नोकरी केली नाही असं त्यांना सांगून दाखवा. ते भाषण मिळालं तर जरूर वाच, माझ्या अंगावर आजही काटा येतो. त्या वर्षी तो निवडून आला आणि २४ वर्षं सिनेटमध्ये राहिला. अण्वस्त्रप्रसार रोखणाऱ्या १९७८च्या कायद्यामागे त्याचीच मेहनत. १९८४मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही.

मग १९९८, वय ७७. डिस्कव्हरी यानातून पुन्हा अवकाशात गेला तो म्हातारपणाच्या अभ्यासासाठी. अवकाशात हाडं झिजतात, तोल बिघडतो, झोप उडते, आणि म्हातारपणीही नेमकं हेच होतं. म्हणून आपल्याच शरीरावर प्रयोग करून घ्यायचे, रक्त काढून द्यायचं, अंगाला तारा लावून झोपायचं. कमांडर त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. याने मात्र निमूटपणे चमूतल्या साध्या सदस्यासारखं काम केलं.

परत आल्यावर घरी बसून आठवणी सांगत राहिला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. त्याने ओहायो स्टेट विद्यापीठात सार्वजनिक सेवेची संस्था उभी केली, तिचं पुढे महाविद्यालय झालं. शाळेतल्या मुलांनी अभ्यासाचा भाग म्हणूनच समाजाचं काम करावं, यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद घेतलं. गणवेश उतरवला तरी त्याची नोकरी कधी संपलीच नाही, असं मला वाटतं.

आणि ॲनी. तिच्याबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरंच. दोघं रांगायच्या वयापासून एकत्र वाढलेली, लग्न एप्रिल १९४३मध्ये. ती भयंकर अडखळत बोलायची. टॅक्सीवाल्याला पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यायची. एकदा मुलीच्या पायात खिळा घुसला, रक्त वाहतंय, आणि हिला फोनवर मदत मागता येईना, शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. जानेवारी १९६२मध्ये ढगांमुळे उड्डाण रद्द झालं, तेव्हा उपाध्यक्ष जॉन्सन कॅमेरे घेऊन तिच्या घरी यायला निघाले होते. तिला ते नको होतं. वरिष्ठांनी ग्लेनवर दबाव आणला, बायकोला समजाव म्हणाले. तो कित्येक तास यानात बांधलेल्या अवस्थेत पडून नुकताच बाहेर आला होता, पुढचं उड्डाण त्याच वरिष्ठांच्या हातात होतं. तरी तो ॲनीच्या बाजूने उभा राहिला.

१९७३मध्ये व्हर्जिनियात तीन आठवड्यांचे खडतर उपचार घेऊन ती बोलायला लागली. पन्नाशीच्या पुढे! नंतर तिने भाषणं केली, विद्यापीठात शिकवलं, अडखळणाऱ्या माणसांसाठी आयुष्य वेचलं. डिसेंबर २०१६मध्ये ग्लेन गेला, २०२०मध्ये शंभराव्या वर्षी ती गेली.

हा शेवटचा भाग वहिनींनाही वाचून दाखव. त्या इतकी वर्षं मूकबधिर मुलांना शिकवतात, ॲनीच्या या उपचारांबद्दल त्यांना काय वाटतं ते मला फार ऐकायचंय. त्यांनाच लिहायला सांग, तू दोन ओळींत उरकशील.

तुझाच,
मित्र