आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: पुरुषांच्या नसबंदीचा वार कोणता?

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सत्तावीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. मार्चअखेर आली की वरून एकच विचारणा व्हायची, "सिस्टर, केसेस किती झाल्या?" नसबंदीचं टार्गेट १९९६ सालीच कागदावरून गेलं होतं, तोंडातून गेलं नव्हतं. आणि केस म्हणजे बाईच. दुसरं बाळंतपण होऊन खाटेवर पडलेली. सासू म्हणायची, "आत्ताच करून टाका, पुन्हा कोण आणणार हिला?" नवरा बाहेर मोटारसायकलवर. त्याला बिनटाक्याची नसबंदी समजावून सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं: "मला ओझी उचलावी लागतात, अशक्तपणा येईल." तिच्या डोक्यावर हंडा आणि काखेत पोर, ते काय मग?

हे काम असं सुरू झालं नव्हतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायका डोळ्यांसमोर ठेवून. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या एकात, १९३४ साली, डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात, हा ठराव १९३८ साली मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्याच पक्षाने आणला. तो फेटाळला गेला. पुढे १९४९ साली धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. तीनच वर्षांत जगभरचे कार्यकर्ते मुंबईत जमले आणि या कामाची आंतरराष्ट्रीय संघटना इथेच स्थापन झाली. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रमही १९५२ चाच. म्हणजे बायकांनी आधी वाट पाडली, सरकार मागून आलं.

मग आणीबाणी. पुरुषांना धरधरून नेलं. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. सुदैवाने दिल्लीची संमती मिळाली नाही. मला वाटतं, त्या धसक्याने सगळ्यांनीच पुरुषांचा नाद सोडला आणि भार बायकांवर टाकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३.

वास्तविक पुरुषाचं ऑपरेशन सोपं. पोट उघडायचं नाही, अर्ध्या तासात मोकळा, त्याच दिवशी घरी. काही दिवस जड काम टाळायचं, तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यायची, एवढंच पथ्य.

एकदा एक गवंडी आपणहून आला. बायकोला रक्त कमी होतं, म्हणाला, "माझंच करा." फॉर्म भरला. त्या दिवशी सर्जन आले नाहीत, पुढच्या खेपेलाही नाहीत. दोन रोजंदाऱ्या बुडाल्यावर तो यायचा थांबला. उन्हाळ्यात शिबिराच्या यादीत त्याच्या बायकोचं नाव मीच लिहिलं.

तेव्हा मागणी एवढीच. गरोदरपणातल्या एखाद्या तपासणीला नवऱ्यालाही बोलवा, तांबीपासून नसबंदीपर्यंत सगळं दोघांना सांगा, आणि त्यानंतर बाईला एकटीला विचारा, सासूला बाहेर बसवून. आणि प्रत्येक तालुक्यात पुरुषांच्या नसबंदीसाठी एक वार ठरवून द्या. त्या वारी सर्जन हजर असला पाहिजे.

आपली,
एक निवृत्त नर्स