एफवन दाबायच्या आधी

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी रात्री फोन ठेवताना मी नुसतं "थँक्यू हं" म्हणालो. दीड तास तुम्ही माझ्याशी बोलत होतात, मागे तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि माझ्या तोंडून निघाले ते हे दोन शब्द. म्हणून हे पत्र. उघडंच लिहितोय, कारण माझ्यासारखा आणखी एखादा ग्रंथपाल याच खड्ड्यात पडला तर त्याला निदान काठ तरी दिसावा.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमच्या वाचनालयाचा सर्व्हर म्हणजे देवघेवीच्या टेबलाखालचा जुना डेस्कटॉप. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, डेबियनवर केव्हीएमचं (लिनक्समधल्या त्यासाठीच्या सोयीचं) एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा संगणक, आणि त्या मशीनच्या पोटात कोहा, म्हणजे वाचनालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर. पुस्तकांचे दाखल क्रमांक, सभासदांची खाती, कोणाकडे काय गेलंय, सगळं तिथे. (हे कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयांसाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती आम्हाला फुकटात मिळाली आणि आम्ही ती टेबलाखाली ठेवली.)

दिवाळीनंतर रंगकाम काढलं, तेव्हा आठ दिवस सर्व्हरचा प्लग काढून ठेवला होता. रंगारी गेले, मशीन जागेवर आलं, चालू केलं. डेबियन आलं, कोहा काही येईना. 'व्हर्श लिस्ट ऑल' केलं (व्हर्श म्हणजे व्हर्च्युअल मशीन हाताळायची आज्ञा) तर 'शट ऑफ', म्हणजे बंद. 'व्हर्श स्टार्ट' केलं तर चुकीची दोन वाक्यं. पहिलं: डोमेन, म्हणजे ते व्हर्च्युअल मशीन, सुरू करता आलं नाही. दुसरं मी वाचलं नाही असं नाही, वाचलं आणि सोडून दिलं. त्यात म्हटलं होतं की या डोमेनला केव्हीएम लागतं, ते उपलब्ध नाही, बायॉसमध्ये (संगणक चालू होताना सगळ्यात आधी जागं होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय, चालू आहे का ते बघा. मी म्हटलं, बायॉसला सहा वर्षांत कोणी हात लावलेला नाही, ते कसं बंद होईल? झालं! तिथून पुढे दोन दिवस मी भलतीकडेच खणत होतो. पॅकेजेस काढून पुन्हा टाकली. 'मॉडप्रोब' ही आज्ञा देऊन केव्हीएम-इंटेल मॉड्यूल (केव्हीएमचा इंटेल प्रोसेसरसाठीचा भाग) चढवायला गेलो, तर 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. शेवटी कोणीतरी लिहिलेलं वाचलं की मशीन उडवा आणि नव्याने बनवा. आमच्या एका सभासदांनी त्यांच्या लेकीचा, म्हणजे तुमचा नंबर दिला तेव्हा 'व्हर्श अनडिफाइन' आणि त्यापुढे 'रिमूव्ह ऑल स्टोरेज' असं टाइप करून माझं बोट एंटरवर होतं.

तुम्ही म्हणालात, "काका, आधी हात कीबोर्डवरून काढा." मी काढला.

मग तुम्ही समजावलंत. नुसतं अनडिफाइन केलं तर मशीनची व्याख्या (ते कसं बांधलंय याची नोंद) जाते, डिस्कची फाइल, जिच्यात सगळी माहिती असते, ती राहते. पण ती शेपटी लावली की फाइलही जाते. आणि आमचा बॅकअप? रोज रात्री व्हायचा हो, पण व्हर्च्युअल मशीनच्या आतच, म्हणजे त्याच फाइलच्या पोटात. घराची दुसरी किल्ली घरातल्याच कपाटात ठेवण्यातला प्रकार. तुम्ही त्यावर हसला नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय.

तुमचा पुढचा प्रश्न मला अजून आठवतो. "रंगकामानंतर पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडद्यावर काही आलं होतं का?"

"काही नाही. एफवन दाबा म्हणत होता, दाबला."

पलीकडे दोन क्षण शांतता. "काका, त्याच्या वर काय लिहिलं होतं?"

ते मला कुठून आठवणार! तुम्ही मशीन पुन्हा चालू करायला लावलंत आणि या वेळी मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: सीमॉस चेकसम बिघडलाय, डीफॉल्ट सेटिंग लावली आहे. (सीमॉस म्हणजे बायॉसची सेटिंग जपणारी जागा, चेकसम म्हणजे ती शाबूत आहे का ते ताडायचा आकडा.) बायॉसमध्ये शिरलो तर घड्याळात २०१४ साल. तुम्ही सांगितलंत की मदरबोर्डवर एक बटण सेल असतो, बायॉसची आठवण आणि घड्याळ त्याच्या जिवावर चालतं. प्लग लागलेला असेपर्यंत म्हाताऱ्या सेलचं निभावतं. आठ दिवस प्लग निघाला आणि तो गेला. मग बायॉस मूळपदावर आलं, आणि आमच्या त्या जुन्या बोर्डाच्या मूळपदात व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. म्हणजे ते दुसरं वाक्य शब्दशः खरं होतं. कोणी हात न लावताही बंद होतं ते असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ नावाचा तसला सेल आणला. त्याने विचारलं, "कुठल्या घड्याळाला?" मी म्हटलं, वाचनालयाला. जुना सेल उचकटताना खाच कुठे आहे ते तुम्ही सांगितलेलं उपयोगी पडलं, नाहीतर मी स्क्रू ड्रायव्हरने बोर्डच ओरबाडला असता. मग सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' चालू केलं, सेव्ह केलं, आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे नुसतं रीस्टार्ट न करता प्लग काढून मिनिटभर थांबलो. 'व्हर्श स्टार्ट' केलं. या वेळी एकच वाक्य आलं, डोमेन सुरू झालं. तोवर दारात दोन आजोबा दिवाळी अंकांसाठी ताटकळत उभे होते.

तुमच्याकडे दुरून माझा पडदा ताब्यात घ्यायची सोय होती. पाच मिनिटांत मोकळ्या झाला असतात. तसं न करता तुम्ही एकेक ओळ मला वाचायला लावलीत. त्या रात्री मनात थोडा वैतागलोही होतो, हे आता कबूल करतो.

आता दर शनिवारी संध्याकाळी मशीन नीट बंद करून डिस्कची फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवतो, 'डम्प एक्सएमएल'ने काढलेली व्याख्याही सोबत. ती हार्डडिस्क माझ्या घरी असते, वाचनालयात नाही. नव्या सेलची तारीख कॅबिनेटवर मार्करने लिहिली आहे. आणि तुमच्या बाबांच्या खात्यावर तीन पुस्तकं दोन महिने थकली आहेत असं कोहाने पहिल्याच दिवशी दाखवलं. तो दंड मी माझ्या खिशातून भरला आहे, त्यांना सांगू नका.

आपला,
देवघेवीच्या टेबलावरचा काका