उपचारानंतरच्या आयुष्याविषयीही लिहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर महिन्यात स्तनांच्या कर्करोगावर आपल्या पुरवणीत तपासणी आणि उपचारांची उपयुक्त माहिती येते. परंतु शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन पार पडून घरी आलेल्या स्त्रीविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘आता बरी झालीस ना’ म्हणून घर निश्चिंत होते, तेव्हा तिच्यापुढे वेगळेच प्रश्न उभे असतात. एका बाजूने सैल पडणाऱ्या ब्लाऊजबद्दल शिंप्याला काय सांगायचे, हळदीकुंकवाला गेल्यावर पदर किती वेळ सावरत बसायचे, हे डॉक्टरांना कसे विचारणार? मला ही उत्तरे याच आजारातून गेलेल्या मैत्रिणींकडून मिळाली. ब्लाऊजला आतून सुती कापडाचा खिसा शिवून त्यात कृत्रिम स्तन कसा बसवायचा आणि हात मागे जात नसेल तर हुक पुढेच का घ्यायचे, हे त्यांच्यापैकी एकीने स्वतःचा ब्लाऊज उलटा करून दाखवले.

दुसरी भीती हाताची. काखेतील लसिकाग्रंथी (शरीरातील द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या की हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हाताने जोराचे काम करूच नये, असा समज पूर्वी वैद्यकातही होता. कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी 1996 मध्ये या आजारातून गेलेल्या 24 स्त्रियांना हळूहळू व्यायाम वाढवत ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकींनी मिळून वल्हवायची लांबट होडी, वल्हवायला शिकवले. त्या हंगामात एकीच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. आज अशी पथके अनेक देशांत आहेत, आणि त्यांतील स्त्रियांना व्यायामाइतकीच एकमेकींची सोबत मोलाची वाटते.

आपल्याकडे त्यासाठी होडीच हवी असे नाही. गेल्या श्रावणात आमच्या गटाने फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने मंगळागौर खेळली. झिम्मा, पिंगा सगळ्याजणी खेळलो, काहीजणी हाताला कॉम्प्रेशन स्लीव्ह (सूज आवरणारी घट्ट बाही) चढवून. फुगडी मात्र ज्यांचा खांदा पूर्ववत हलतो त्यांनीच घातली. शस्त्रक्रियेनंतर आरशासमोर उभे राहायचे टाळणारी आमची एक मैत्रीण त्या दिवशी नऊवारी नेसवून घेताना आम्हा सगळ्यांसमोर निःसंकोच उभी होती. तिचा व्रण पाहून कोणी नजर वळवली नाही की हळहळ व्यक्त केली नाही. असा मोकळेपणा, मला वाटते, जिवाभावाच्या माणसांच्या घरातही सहजी मिळत नाही, कारण तिथे सगळेच एकमेकांना जपत असतात.

म्हणून कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, घरी सोडण्यापूर्वी, रुग्ण स्त्रीची तिच्या इच्छेने अशा एखाद्या अनुभवी स्त्रीशी गाठ घालून द्यावी. आणि आपण पुढील पुरवणीत जिल्हावार मदतगटांचे पत्ते छापावेत, ही विनंती. मोठ्या शहरांत शोधाशोध करून ते सापडतात. तालुक्याच्या गावातील स्त्रीला असे गट असतात हेच मुळी ठाऊक नसते.

आपली,
एक वाचक, ठाणे